राजीखुशीनं

३ ऑक्टोबर, अमरावती

विभागप्रमुख वामनराव सरांनी पीएचडीचा आराखडा परत दिला! "कायदा ग्रंथालयात शिकायचा, गीतांजली. कलमं वाच, निवाडे वाच. बायकांना विचारत फिरणं म्हणजे गप्पा." माझ्या मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडम हसल्या. "कलम म्हणतं, मुलीला मुलाइतकाच हिस्सा. मग मुली हक्कसोडपत्रावर सह्या का करतात, हे कोणतं कलम सांगेल?" मला दोघंही पटतात. पंचाईत!

४ ऑक्टोबर

शास्त्रीय म्हणजे नेमकं काय? मॅडमची कसोटी — आपण चुकतोय हे कशानं कळेल, ते आधीच लिहून ठेव. लिहिलं: बायका खरंच राजीखुशीनं हिस्सा सोडत असतील, तर माझा दबावाचा अंदाज खोटा.

हिवरखेडहून शेखरदादाचा फोन. बाबांच्या वावराचं हक्कसोडपत्र तयार आहे, भाऊबीजेला येऊन सही कर. "बरं" म्हटलं.

९ ऑक्टोबर, बाळापूर

घरोघरी हिंडले. सगळ्या एकच बोलतात! भाजीवाल्या तानुबाई: "राजीखुशीनं देल्लं माय. भावाले काय मांगा?" भाऊ शेजारीच बाजेवर, मला चहाचा आग्रह करत होता. माझा अंदाज साफ खोटा ठरला. वाईट वाटलं, थोडी गंमतही वाटली.

१० ऑक्टोबर

मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "भाऊ कुठे बसला होता?" — अगं बाई!

१४ ऑक्टोबर

बाळापूरचा बाजार. वांग्यांच्या ढिगामागे तानुबाई एकट्या. तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी किडकी वांगी बाजूला काढली. मग, "त्याच्या तोंडावर काय सांगू? वावर पाह्यजे होतं मले. पन माहेरबी पाह्यजे होतं." आणि एकदम चिडल्या, "काहून इचारून राह्यली तू?" मी पावशेर वांगी घेऊन निघाले. परत येताना बसमध्ये रडू आलं.

नियम केला: घरात, भावासमोर दिलेलं उत्तर धरायचं नाही. सर नाक मुरडतील. पण त्यांची पुस्तकंही हवीतच. हिस्सा तानुबाईंचा होता, हे पुस्तकांशिवाय कुठून कळलं असतं?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. हिवरखेड

ओवाळलं. दादानं हिरवी साडी दिली. फार सुंदर आहे. मग कागद पुढे केला. "राजीखुशीनं करून राह्यली नं, गीता?"

"हो," म्हटलं. पटकन!

ठिकाण — घर. समोर — भाऊ.

काढलेला पेन सही न करताच परत पर्समध्ये टाकला.