राहू देणारा तू कोण?

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद, रागावले असले तरी.

रविवारी, बारा तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तू मला घरच्या ग्रुपवरून काढलंस. "जगात त्यांचे इतके देश, मग आपलं एक हिंदू राष्ट्र का नको?" हा तुझा मेसेज. मी विचारलं, "मग आईचं आजारपण काढणाऱ्या नर्सबाईंच्या, सिस्टर मेरीच्या लेकरांनी तिथे काय म्हणून राहायचं?" तू लिहिलंस, "राहू देऊ की!" राहू देणारा तू कोण, एवढंच म्हटलं मी.

अरे, आदल्याच संध्याकाळी इथे, मी राहते त्या लेकीच्या इमारतीची सभा होती. यापुढे सभेआधी येशूची प्रार्थना व्हावी, असा ठराव आला. बाकी सगळी घरं ख्रिश्चनांची, हिंदू आपलं एकच. सेक्रेटरी गोड हसून म्हणाले, "आजी, तुम्हालाही राहू देऊच की!" मी उठले. "प्रार्थनेचं मला वावडं नाही, नन्सच्या शाळेत शिकलेय. पण मी इथे पाहुणी नाही!" ठराव पुढच्या सभेवर गेला.

आता जिन्यात कुणी बोलत नाही. बोलतील. गुडघा बरा आहे. वहिनीची साखर कशी आहे?

पुढची सभा तीस तारखेला आहे. इथे मी जे मागते, ते तुझ्या राष्ट्रात सिस्टरच्या लेकरांना कसं नाकारू? सभेआधी तुझं लेखी उत्तर हवं. नुसता अंगठा पाठवू नकोस, तुला शाळेत घातलं होतं.

तुझी, ग्रुपबाहेरची,
ताई