चौदाव्या वचनावर थांबवलेले वाचन

शनिवारी दुपारी माझे यजमान चुलीजवळ पाटावर बसून दुसऱ्या दिवशीचा उतारा मोठ्याने वाचत आणि मी सुपात ज्वारी निवडत ऐकत असे. मधेच थांबून ते विचारत, "इथं संपलं न्हाय का?" मी म्हणे, "खडा शेवटच्या ओंजळीत निघतो. पुढचं वाचा." ते हसून पान उलटत. जळकोटच्या प्रार्थनाघरात तीस वर्षे लोकांनी शास्त्राचा जो अर्थ ऐकला, तो असा ज्वारीबरोबर निवडलेला होता.

मी मार्था, दिवंगत लिंबाजी उपदेशक यांची विधवा, वय अदमासे अठ्ठावन्न, राहणार जळकोट, जिल्हा उस्मानाबाद, निजाम इलाखा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मनाचे तसे लिहिता येत नाही, कारण सडकेवर लॉरीचा आवाज मंदावला की माझी लेखणी थांबते. रझाकारांच्या भीतीने नळदुर्गला जाऊन मुद्रांकाचा कागद आणणे शक्य नाही. वहीचे हे पान चालवून घ्यावे.

१. माझे दोन खणांचे घर धुळाप्पा यांस द्यावे. यजमानांच्या मागे तीन वर्षे तेच उपासना चालवतात. उद्या गाव सोडणारे आमचे लोक परत येतील तेव्हा धुळाप्पांनी ते उघडावे. तोवर किल्ली शेजारीण फातिमाबीजवळ राहील. परसातल्या शेवग्याच्या शेंगा ती आजवर विचारून नेत आली. यापुढे न विचारता न्याव्या. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याच्या घरच्यांची साक्ष चालत नाही, पण ही देणगी नव्हे, शेजार आहे, म्हणून तिचे यजमान गफार यांच्या साक्षीस हरकत नसावी. परवा तेच येऊन सांगून गेले, "बाई, हालात बरे न्हाईत. इतवारी दुपारच्या आत निघा. माझं आता कुणी ऐकंना."

२. माझा चष्मा मंडळीचे वडील, म्हणजे प्रार्थनाघराचे पंच, आण्णासाहेब यांस द्यावा. बाईने शास्त्राचा अर्थ सांगू नये, असे ते तीस वर्षे म्हणत आले आणि दर रविवारी यजमानांना म्हणत, "लिंबाजी, काय डोकं हाय तुमचं!" माझ्या टिपणांच्या सात वह्या धुळाप्पांकडे जातील. आण्णासाहेबांनी चष्मा लावून त्यांतले अक्षर कोणाचे ते पाहावे. रागाने लिहीत नाही. थोड्या रागाने लिहिते.

३. आता जे लिहायचे, त्यासाठीच हा कागद घेतला.

आषाढात आसपासची गावे जळू लागली तेव्हा आमच्यातल्या शिवशरणने गाडी भरली. हद्द ओलांडून सोलापूरकडे जायचे त्याच्या मनात होते. शनिवारी माझ्या दारात येऊन तो म्हणाला, "बाई, शास्त्र काय म्हणतं? जावं का राहावं? तुमी सांगाल तसं." बाकीची दहा घरे त्याच्याकडेच पाहत होती.

मी मोशेचा उतारा काढला. मिसरच्या गुलामीतून लोकांना घेऊन तो निघाला आहे. मागे फारोचे रथ, पुढे समुद्र. मोशे लोकांना सांगतो की भिऊ नका, जागचे हलू नका, लढणारा परमेश्वर आहे. हे तेरावे आणि चौदावे वचन. पंधराव्यात देवच मोशेला विचारतो की माझा धावा काय करत बसलास, लोकांना चालायला सांग. उतारा तिथे वळतो. हे मला पाठ आहे.

रविवारच्या वाचनासाठी मी धुळाप्पांना चौदाव्यापर्यंतच खूण करून दिली. त्यांनी विचारले, "हितंच थांबू?" मी म्हणाले, "थांबा."

का, तेही लिहिते. मोठ्या दुष्काळात दहा वर्षांची मी आईचा हात धरून याच सडकेने चालले. नळदुर्गच्या अलीकडे आई खाली बसली, पाणी मागितले, आणि परत उठली नाही. तिथून मला सिस्टरांनी उचलले, हैदराबादेला नेले, वाचायला शिकवले. मागचे वाच, पुढचे वाच, मग बोल, हा त्यांचा पहिला धडा. पण त्या सडकेवर पुन्हा पाऊल ठेवायच्या विचाराने माझे पाय गळाले, आणि माझ्या पायांची भीती मी देवाच्या तोंडी घातली.

उपासनेनंतर शिवशरणने भरलेल्या गाडीचे बैल सोडले आणि तो राहिला. गुरुवारी रझाकारांनी त्याला शेतात मारले.

त्याची बायको कस्तुराबाई माझ्याच गळ्यात पडून रडली. म्हणाली, "बाई, तुमी जिवाला लावून घेऊ नका. ते देवाच्या शब्दावर थांबलं व्हतं."

उद्या रविवारी धुळाप्पा पंधराव्या वचनापासून वाचतील. तेव्हा मी सर्वांसमोर उभी राहून हे सांगणार आहे, आणि त्यानंतर सगळी घरे निघतील. लॉरीची भीती वाटतेच. कस्तुराबाई माझ्याकडे कशी पाहील याची त्याहून अधिक वाटते. ऐनवेळी माझी वाचा बसली, किंवा उद्याच उजाडला नाही, तर धुळाप्पांनी हा कागद उपासनेत शेवटपर्यंत वाचावा. मधे कोठेही थांबू नये. मी वाटेत खाली बसले तर माझ्यासाठी गाड्या थांबवू नयेत.

४. माझे बायबल कस्तुराबाईला द्यायचे आहे. मात्र आधी तिला पंधरावे वचन वाचून दाखवावे, मी काय केले ते सांगावे, आणि मग विचारावे, घेतेस का. नको म्हणाली तर तिला समजावायला जाऊ नये. पुस्तक धुळाप्पांनी ठेवावे. यजमानांचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या मात्र कस्तुराबाईलाच द्यावा, तिने काहीही म्हटले तरी. निघताना पाण्याने भरून द्यावा.

मु. जळकोट, शनिवार, ता. २८ ऑगस्ट १९४८

सही: मार्था लिंबाजी, आईने ठेवलेले नाव नागम्मा

साक्षीदार (मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले):
१. गफार, कापडवाले (सही उर्दूत)
२. शरणबसप्पा, किराणा दुकानदार