मुंगीच्या वहीतली म्हातारी

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर अर्ध्यावर अडते, उरलेला नमस्कार मनातून केला असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? मागच्या फोनवर तू तो बरा आहे म्हणालीस आणि मग वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोललीस, म्हणून पुन्हा विचारते. आमच्याकडे सगळे खुशाल. माझी साखर ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि मी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाही. हे पत्र माझ्या हातानं लिहिते आहे. तिसरीनंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षरं ओळीवरून खाली उतरली तर तू वर चढवून वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

तर गोष्ट आपल्या मुंगीची. (नात नववीत गेली तरी आम्ही तिला मुंगीच म्हणतो. घरात आहे की नाही हे साखरेच्या डब्यावरूनच कळतं.) पोरगी शहाणी, पण वर्गात तोंड उघडायचं नाही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असून बाकाखाली पेन्सिल शोधायची. आणि आता तिच्या शाळेत नाटक हा विषय आला आहे अक्का, गणितासारखा विषय. तास असतो, गृहपाठ असतो, मार्क असतात. आपण लहानपणी नाटकं केली की पाठीत धपाटा मिळायचा, आता मार्क मिळतात. इंग्रजीच्या बाईच तो विषय घेतात, म्हणून लिहायचंही इंग्रजीत. गृहपाठ असा, की घरातलं एक माणूस निवडायचं, त्याला कळू न देता चौदा दिवस बघायचं आणि रोज वहीत लिहायचं. कसं चालतं, कसं बसतं, बोलतं काय आणि करतं काय. ज्याची वही खरी उतरेल त्यानं पालकांच्या सभेत ते माणूस होऊन रंगमंचावर उभं राहायचं. मुंगीनं कधी नव्हे तो हात वर केला होता. मी उभी राहीन म्हणाली. हे मला नंतर कळलं, आधी कळतं तर पुढचं रामायण झालंच नसतं.

मला एवढंच दिसत होतं की पोरगी माझ्याकडे टक लावून बघते आणि वहीत काहीतरी टिपते. मी उठले की टिपते, बसले की टिपते, खोकले की पान उलटते. मी म्हटलं, झालं. डॉक्टरांनी सुनेला काहीतरी सांगितलेलं दिसतं, मला सांगत नाहीत आणि पोरीला नोंद ठेवायला बसवलंय. तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. कपाट आवरलं. तुझ्या डोळ्यात भरलेली ती जांभळी शाल तुझ्या नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवली. (आता चिठ्ठी काढली आहे, उगाच आशा धरू नकोस.) चौथ्या दिवशी मुंगी शाळेला जाताना वही विसरली, ती मी पिशवीत घातली आणि गोळ्या आणायच्या निमित्तानं औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं, जो माणूस डॉक्टरांचं अक्षर वाचतो त्याला आमच्या पोरीचं काय जड जाणार. त्यानं वही उघडली, वाचली, आणि काउंटरखाली वाकला. मला वाटलं माझी दशा बघून त्याला रडू आलं. वर आला तेव्हा हसून लाल झाला होता.

त्यानं मराठीत करून सांगितलं ते असं. आजी बिस्किट ओट्यापाशी उभी राहून खाते आणि विचारलं तर नाही म्हणते. आजी चहा नको म्हणते आणि आईच्या कपातला अर्धा पिते. आजी 'मला काय त्याचं' असं म्हणते आणि मग त्याच विषयावर अर्धा तास बोलते. फोन ठेवला की ज्याच्याशी बोलली त्याची नक्कल करते. (ती तुझी नव्हती. बिलासाठी फोन करणाऱ्या बाईंची होती असं समज.) दुकानात तिघं गिऱ्हाईकं उभी होती, त्यांनीही शांतपणे सगळं ऐकून घेतलं. एक तर म्हणाला, पुढचं पान वाचा.

आता मला राग यायला हवा होता ना? आला, पण दुकानाच्या पायरीपर्यंतच टिकला. अगं, आजवर माझ्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिलं ते शिधापत्रिकेवर, तेही वय चुकवून. आणि इथं एक पोरगी रोज माझ्यासाठी वही भरते आहे, तीही इंग्रजीत. मी ठरवलं, लिहितेच आहे तर काहीतरी बरं लिहू दे बापडी. वही होती तिथं ठेवली आणि त्या दिवसापासून सुधारले. ठेवणीतलं पातळ रोज नेसले. ताठ चालले. बिस्किट मागितलं तर बशीत, बसून, एक. सुनेला 'तुझं दमणं मला बघवत नाही' असं म्हटलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. फोनवर तुझ्याशी गोड बोलले, आठवतंय का? तू विचारलंस, कुणी गेलं का म्हणून. अकरा दिवस, अक्का. जीव मेटाकुटीला आला. चांगलं वागणं हे रोज करायचं काम नव्हे.

वही तपासून परत आली आणि मुंगी स्वयंपाकघराच्या दाराआड रडत उभी. पहिल्या तीन दिवसांना बाईंनी बरोबरची खूण केली होती आणि पुढं लाल शाईनं लिहिलं होतं, की अशी म्हातारी जगात असू शकत नाही, बघितलं ते लिही, मनचं लिहू नकोस. तिचं सभेतलं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं. पोरगी हुंदके देत म्हणाली, 'आजी, मी खरंच जे दिसलं तेच लिहिलं गं.' आता काय सांगू तुला. जन्मात एकदा हात वर केला, आणि तो मी खाली ओढला. तिला सगळं कबूल केलं. ती रडायची थांबली आणि अशी बघत राहिली, की त्यापेक्षा रडलेली परवडली असती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत. रोजचं पातळ, रोजच्या चपला. मुंगी मागे मागे, जमीन दुभंगली तर बरं अशा चालीनं. नाटकाच्या बाई सभागृहात शिडीवर चढून पडदा टांगत होत्या. एवढीशी पोर, केस कानापर्यंत. मी खालूनच सांगितलं, 'बाई, त्या वहीतली म्हातारी खोटी आहे, पण वही खरी आहे. खोटेपणा माझा, मार्क तिचे का कापता?' त्या शिडीवरूनच म्हणाल्या, 'मग खऱ्या कशा आहात तुम्ही?' मी म्हटलं, मी साधी बाई, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि हा पडदा कुणी शिवला? हे टाके आहेत की कोंबडी चालून गेली आहे? मला काय त्याचं म्हणा, पण. तर त्या पणच्या पुढे मी पाऊण तास बोलले असं म्हणतात. पडदा उतरवून घेतला, सुई मागितली, पहिल्या रांगेत बसून अख्खी किनार उसवली. बाईंनी चहा मागवला. मी नको म्हटलं आणि त्यांच्या कपातला अर्धा प्याले. (सवय गं, दुसरं काय.) बाई कपाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग मुंगीकडे. आणि मुंगी दाराशी जमिनीवर बसून भराभर लिहीत होती.

बाई म्हणाल्या, आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की माणूस नाटक करतो, हाच तर आमचा धडा आहे. (हे शिकवायला शाळा काढली, कमाल आहे. आपल्या घरी पाहुणे आले की आई रोज शिकवायची.) मग मुंगीला म्हणाल्या, दोन दिवसांत या दोन्ही म्हाताऱ्या लिहून आण, मग बघू. पोरीनं एका दिवसात आणल्या. नाव परत लागलं.

परवा सभा झाली. मी पहिल्या रांगेत, शेजारी सून. मी शिवलेला पडदा एका दमात सरकला, कुणी टाळी वाजवली नाही, असो. आणि आत आली एक म्हातारी. माझा जुना चष्मा, माझं पातळ, पण माणूस वेगळंच. आधी ताठ चालली, देवी बिवी असल्यासारखी. मग मान वळवून कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि असं बिस्किट तोंडात टाकलं म्हणून सांगू, की मागच्या रांगा उठून बघायला लागल्या. 'मला काय त्याचं' म्हणून खुर्ची ओढून बसली, तर सभागृह पाच मिनिटं हसत होतं. आमची मुंगी गं, जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, ती शेवटच्या रांगेतल्या शिपायाला ऐकू जात होती. मी हसून हसून सुनेच्या खांद्यावर पडले आणि तिला म्हटलं, 'अगं, ही तर हुबेहूब आमची अक्का.' सून पदर तोंडात कोंबून म्हणाली, 'हो आई, अगदी मावशीच.' ती चाल, ते मान वळवणं, ती खुर्ची ओढण्याची तऱ्हा, तूच गं. पोरीनं चौदा दिवस मला बघितलं आणि उतरवलं तुला, मोठी कलावंत आहे. सुनेला मात्र घरी येईपर्यंत हसू आवरेना, तिला तुझ्यात एवढं काय दिसलं कोण जाणे.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी

ता. क. मुंगीला इंग्रजीचा नवा गृहपाठ आहे, दोन माणसांचं खरंखुरं बोलणं ऐकून वहीत उतरवायचं, जमलं तर भांडण. मला एकटीला ते जमेना. सुनेशी भांडून बघितलं, ती माफी मागून मोकळी होते. तेव्हा तू पंधरा दिवसांसाठी ये. खाट खिडकीपाशी टाकली आहे.

आणखी ता. क. तुला बघायचं आहे हे तुला कळू द्यायचं नाही, असं पोरीनं मला बजावून सांगितलं आहे, म्हणून मी काहीच सांगितलेलं नाही. नेहमीसारखी ये. आल्याबरोबर माझ्या चहाला नावं ठेव. ठेवणीतलं नेसलीस तर परत पाठवीन.

शेवटचं. जांभळी शाल पुन्हा चिठ्ठी लावून ठेवली आहे, येतेस तर बघू. आणि ते बिस्किटाचं पोरीनं वाढवून लिहिलं आहे. मी उभी राहून काही खात नाही. बिस्किटं मात्र येताना दोन पुडे आण.