वहिनीने घेतलेला डबल

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांतल्या बॅकगॅमनच्या डावात पैज दुप्पट करायला तुम्ही केलेला डबल मी घेतला. नाही म्हणून एक गुण देऊन उठता आलं असतं. पण चारांत एकदा जरी जिंकायची आशा असली तरी डबल घ्यावा आणि दोन गुणांवर खेळावं, हे तुमचंच शिकवणं. तुमचे बंधू म्हणतात, नणंद-भावजयींना भांडायला आता फासेसुद्धा लागतात!

आता दुसरी बातमी. नाटकाच्या कपडेपटात राणीच्या झग्याची बाही कापत होते. कात्री भलतीकडेच गेली. हात ऐकेनासा झालाय. डोक्यात गाठ निघाली. राहू दिली तर वर्षभर मिळेल, पण आधी नजर जाईल. ऑपरेशन केलं तर, सर्जन म्हणतात, तिघींतली एक धडधाकट घरी जाते.

हे म्हणतात, नको. काच कापणारा माणूस. म्हणतात, रेघ एकदाच ओढता येते. पण तिघींतली एक म्हणजे चार डावांतल्या एकापेक्षा बरीच की! सांगा, घेऊ ना?

लोभ आहेच, डबल केलात म्हणून तो कमी झालेला नाही.

तुमची
वहिनी

दि. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते.

वहिनी, तो हिशोब पटावरचा आहे गं. चार डाव सोडले की चार गुण जातात. चारही घेऊन तीन हरलो तर सहा जातात, एक जिंकलो तर दोन परत येतात. म्हणजे गेले चारच. पण त्यासाठी चार डाव खेळायला मिळावे लागतात. तुझ्यापुढे एकच आहे.

शिवाय हार साधी असेल तरच तो हिशोब चालतो. आपली एकही सोंगटी पटाबाहेर निघाली नसताना हरलो तर गॅमन, म्हणजे दुप्पट हार. ती भीती असली की चारांत एक पुरत नाही. म्हणून सर्जनना एवढं विचार, की बाकीच्या दोघी हरतात त्या कशा हरतात? आणि विचारताना दादाला जवळ बसव.

घे किंवा नको घेऊस, हे मला लिहवत नाही. माया असू दे.

तुझी
ठकू

दि. १७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

विचारलं, दोघांनी मिळून. एक टेबलावरून उठत नाही. दुसरी जगते, डोळे उघडे असतात, पण कुणाला ओळखत नाही. हे उठून बाहेर गेले आणि पाण्याच्या नळापाशी उभे राहिले. मी मागे बसून हो म्हणून टाकलं.

हिशोब केला नाही. पण नाही म्हटलं, तर उद्या मला दिसेनासं होईल, मग हे शेजारी बसून सांगत राहतील की आज निळी साडी नेसवलीय, आज हिरवी. तसं वर्षभर बसून हरणं मला जमायचं नाही.

तेव्हापासून हे बोलत नाहीत. चहा करून देतात, अंथरूण घालतात, बोलत नाहीत. तसंच काही झालं तर रोज काचेचं दुकान उघडायचं, एवढं वदवून घेतलंय. गिऱ्हाइकाला म्हणावं तसं ‘बरं’ म्हणाले.

त्यांना सांभाळा. माझ्यावर राग आला तर तोही प्रेमानेच करा.

तुमची
वहिनी

दि. २ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

ती जगली. आता घरी आहे.

डोळे उघडते, मिटते. नळीतून पेज जाते. एक बाई कूस बदलायला येते. मी दुकान उघडतो. काल खिडकीची साधी तावदानं कापताना लागोपाठ फोडली. गिऱ्हाईक समजूतदार होतं, त्याचाच संताप आला.

तुझ्यावर रागावलोय. माझा हात धरल्याशिवाय रस्ता न ओलांडणारी बाई ती. तिच्या हातात फासे तू दिलेस. सर्जन म्हणतात, निर्णय चुकीचा नव्हता. बरोबर निर्णयाचं मी काय करू, ठकू? कुठे ठेवू तो?

बाकी ठीक.

दादा

दि. ६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागाव. हक्क आहे तुझा.

आमच्या बॅकगॅमनच्या क्लबात कुणी डबल घेऊन हरलं, की मी जवळ जाऊन म्हणते, घेणं बरोबरच होतं. कितीजणांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं असेल! आता त्या तोंडाने मला ते कुणालाही म्हणवणार नाही.

रविवारी येते. वहिनीजवळ मी बसेन, तू जरा पाठ टेक. बोलू नकोस हवं तर, दार तेवढं उघड.

तुझी
ठकू

दि. २९ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू होतीस तेवढे दिवस झोपलो. निघताना नीट बोललो नाही, मनावर घेऊ नकोस. तू रोज दुपारी तिच्याशी गप्पा मारायचीस, ते दाराआडून ऐकायचो. मला तसं येत नाही.

काल मात्र प्रयत्न केला. दुकानातून येऊन, हात धुऊन तिच्यासमोर बसलो. म्हटलं, तू हो म्हणालीस ते मला पटलं नव्हतं. तेव्हा गप्प राहिलो, आता विचारतो. बरोबर केलंस का? तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. वाटलं, आता ओठ हलतील. मी खुर्ची पुढे ओढली.

मग तिने खिडकीकडे पाहिलं. तेवढाच वेळ, तसंच टक लावून. खिडकीत काही नव्हतं.

मी उठून पेज गरम केली.

लोभ मागावा एवढं बळ उरलं नाही. आहे तेवढा असू दे.

दादा