उलटा उमटलेला ळ

प्रिय तात्या,

आज प्रेसमधलं जुनं कपाट हलवलं, तर मागं तुमचा एक लाकडी ळ सापडला. तुम्ही गेल्यापासून जे बोलायचं टाळत होते, ते आता लिहितेच.

किती ळ कोरलेत तुम्ही! बाहेरून आणलेल्या लाकडी अक्षरांच्या संचात ते जेमतेम दोन यायचे. आणि आपल्या बारामतीत ळाशिवाय पोस्टर कुठलं? जळोची, गुऱ्हाळ, केळी... तुम्ही सणसरच्या सुताराकडून शिसवीचे ठोकळे आणायचात, छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, उंचीला घासायचात आणि अक्षर उलटं कोरायचात, कागदावर सुलटं उमटावं म्हणून.

एकदाच चुकलात. ळ उलटा की सुलटा, पटकन कळत नाही. तो सुलटाच कोरला गेला आणि जळोचीच्या जत्रेच्या पोस्टरांवर उलटा उमटला. कुणाच्या लक्षात येतंय, असं मी म्हटलं. तुम्ही जेवण सोडून नवा ळ कोरलात, सगळी पोस्टरं पुन्हा छापलीत. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग मी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. जागा हवी होती. तुम्ही इंदापूरला गेला होतात. मी अक्षरांची खोकी रिकामी केली आणि सकाळी सगळी अक्षरं बंबात घातली. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही! त्याच सकाळी परत आल्यावर तुम्ही आंघोळीला गेलात. बंबाखालच्या राखेत अर्धवट जळालेला एक क होता. तो बराच वेळ बघत राहिलात.

"पाणी लई कढत झालंय, कमळे," एवढंच म्हणालात. आणि त्याच पाण्यानं आंघोळ केलीत.

का नाही रागावलात हो? दोन शब्द सुनावले असतेत, तर मी माफी तरी मागितली असती. उलट तुम्ही रोज कॉम्प्युटरशेजारी बसून माझी अक्षरं तपासून द्यायचात. तेव्हाही मागता आली असती. नाही मागितली. चुकले मी, तात्या.

सापडलेल्या ळाला शाई लावून तो कागदावर दाबला. उलटा आला! तुमची सगळी नीट अक्षरं मी जाळली, आणि उरला तो हा एकुलता एक चुकलेला.

तुमच्या पटाशा अजून आहेत. मी ळ कोरायला शिकेन. जमेपर्यंत माझ्या नावात हाच वापरीन.

तुमची लेक,
कमळ

(शेवटचं अक्षर तुमचं आहे. उलटं उमटलंय. कुणाच्या लक्षात येणार नाही, तुमच्या येईल.)