काच घासायची नाही

३ ऑक्टोबर

टाकी – मी केलेली. चार फुटी, बारा मिलिमीटरची काच, सिलिकॉनमध्ये एक बुडबुडा सापडणार नाही. स्टँड – मी, वेल्डिंगसकट. गाळणपेटी, दिव्यांचं झाकण – मीच. लाटांची मोटर जुनी, पण वाइंडिंग मी भरलेलं. प्रवाळ तेवढे विकतचे. शिकवायला कुणी आलं नव्हतं! काच इतकी स्वच्छ, की बायकोची मैत्रीण मासा दाखवायला गेली आणि नख मोडून बसली.

आज तीत समुद्री गोगलगाय सोडली. शंख नाही. बोटभर, हिरवी, पाठीवर निळ्या काठाची झालर. दुकानदार म्हणाला, "शेवाळ खाते." म्हटलं, आमच्याकडे शेवाळ नसतं. "मग घेऊ नका." माल विकायचा की उपदेश करायचा, हे तरी ठरवावं माणसाने!

६ ऑक्टोबर

पालक उकडला. बिनमिठाचा. नखाएवढे तुकडे चिमट्याने पुढ्यात धरले. महाराणींनी तोंड फिरवलं. बायको दारातून – "पोरं लहान असताना कधी एक घास भरवला नाहीत!"

पोरं ओरडून मागायची. ही मागत नाही.

७ ऑक्टोबर

काच घासली. नेहमीप्रमाणे.

१२ ऑक्टोबर

मेहुणा आला. दातांचा डॉक्टर. दवाखान्यात यानेही पैसे ओतून खाऱ्या पाण्याची टाकी ठेवलीय. आता ती इतकी हिरवी, की आत मासे असल्याची पाटी लावावी लागेल. माझ्या टाकीपुढे वाकून म्हणतो, "छान आहे हो भावजी, पण ऑपरेशन थिएटर वाटतं." हे कौतुक! वर गोगलगायीकडे बोट – "ही आजारी आहे का?"

त्याने माणसांचे दात बघावेत.

१५ ऑक्टोबर

काचेबाहेरून व्हर्नियर धरला. आणली तेव्हा ५८ मिलिमीटर. आज ४१. झालर विटलेल्या पडद्यासारखी. पुन्हा मोजली. व्हर्नियर बरोबर आहे.

दुकानात गेलो. दुकानदाराने मानही वर केली नाही. "काच घासता?" रोज. "तेच तिचं ताट."

१६ ऑक्टोबर

म्हणजे ब्लेड घेऊन रोज तिच्यापुढचं ताट मीच ओढत होतो. घरी बोललो नाही.

माझ्या काचेवर शेवाळ धरायला आठवडे जातील. तिच्याकडे तेवढे नाहीत. ओळखीत शेवाळ भरपूर असलेली जागा एकच!

१७ ऑक्टोबर

दवाखान्यात दाढा धरून बसलेल्यांच्या रांगेत बसलो, मांडीवर बादली. मेहुणा – "भावजी, दात?" म्हटलं, दगड. तुझ्या टाकीतले केसाळ दगड दे. इतका हसला, की खुर्चीतला पेशंट उघड्या तोंडाने वळून बघायला लागला.

"न्या की! ही घाण आजवर कुणी मागितली नव्हती. ताईला सांगू?" सांग. "नक्की सांगू?" सांग म्हटलं ना!

तीन दगड आणले. बादली रस्ताभर वास मारत होती.

१८ ऑक्टोबर

खातेय! ती सरकली की मागचं शेवाळ रस गेल्यासारखं लोळतं. चहा गार झाला, उठलो नाही.

२ नोव्हेंबर

५० मिलिमीटर. काठ पुन्हा निळा. काच तेव्हापासून घासलेली नाही. पाहुणे आले की मी टाकीला पाठ लावून बसतो. बायको – "अहो, आत कोण राहतं ते तरी सांगा त्यांना, दिसत तर काही नाही!"

हात शिवशिवतात. ब्लेड बायकोकडे ठेवायला दिलं. म्हणते, "कुलपात ठेवू?"

ठेव म्हटलं.

९ नोव्हेंबर

मेहुणा दवाखाना मोठ्या जागेत नेतोय. माझी टाकी मागितली, स्टँडसकट. "असं चोख काम विकत मिळत नाही, भावजी." लग्न झाल्यापासून या वाक्याची वाट बघत होतो. "फक्त पूर्वीसारखी लख्ख करून द्या. ती गोगलगाय तेवढी नको."

एक लाख ऐंशी हजार. नाही म्हटलं.