हेइलाला सोडून कुठलंही

प्रिय पोपी,

तुझ्या बाळाला चौथा आठवडा लागला, तरी अजून नाव नाही. इथे टोंगात माझं डोकं उठलंय. आमच्यात मुलीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, हे काय मी नव्याने सांगायला हवं? मग अख्ख्या गावाने माझ्या अंगणात येऊन फुलं का उधळावीत? चर्चमध्ये गेलं की फुलं, बाजारात गेलं की फुलं. कोणीतरी 'फुलाचं नाव ठेवा' असं एकदा म्हटलं आणि त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत झालं ते तेवढ्यावरच.

सामोआत दिलेली आमची चुलतबहीण म्हणते तेउइला ठेव, लाल, ठसठशीत, नजरेत भरणारं. ताहितीहून आलेली शाळेतली बाई म्हणते तिआरे. मी म्हटलं, बाई गं, तुमचं तिआरे म्हणजे आमचं सियाले, म्हणजे मीच! एका घरात दोन सियाले कशाला? तर म्हणे, मग जपानी 'हाना' ठेवा, त्याचा अर्थच फूल. आता हाना आमच्या गावात चार आहेत, त्यातली एक माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही.

आणि तुझी आई! पोपी, तिला तू माझा नंबर का दिलास? मेलबर्नहून फोन करते आणि मी बहिरी असल्यासारखी ओरडते, "त्रियान्दाफिल्या! गुलाब! तीस पाकळ्यांचा! माझ्या सासूचं नाव!" मी म्हटलं, "स्तामातियाबाई, नाव सुंदर आहे, पण तिला हाक मारून होईपर्यंत पोरगी समुद्रात पोचलेली असेल." तर म्हणाली, "मग गारिफाल्या ठेवा, म्हणजे कार्नेशन." वर मलाच समजावलं, "माझ्या मुलीला पोपी म्हणतात, म्हणून लोक तिला खसखशीचं फूल समजतात. तिचं खरं नाव काल्योपी! निदान नातीचं तरी खरंखुरं फूल असू दे." मला हसूही आलं आणि फोन आपटावासाही वाटला.

पण ही सगळी गंमत झाली. खरा वैताग आमच्या आईचा. ही लेसिएलीबाई एकदा हटून बसली की बोट बंदरातून हलेल, ती हलायची नाही. तिला एकच नाव हवंय. हेइलाला. "राजघराण्यातल्या बायका माळतात ते फूल. टोंगाचं आपलं स्वतःचं. ब्रिस्बेनमध्ये वाढणार पोर, निदान नावाला तरी इथला वास असू दे." मी म्हणायची, बघू. ती म्हणायची, "बघायचं काय त्यात? तू आत्या आहेस की कस्टमचा साहेब?" मी इथल्याच दुसऱ्या फुलांची नावं पुढे करायची. लांगाकाली घे, हुनी घे, नाहीतर सरळ लोसे घे. प्रत्येकाला तिच्याकडे खोड तयार. लोसे नावाची बाई नवऱ्याला सोडून गेली, हुनी नावाची वजनाने होडीत मावत नाही. शेवटी म्हणाली, "तुझ्या मनात हेइलालाबद्दल काय खुपतंय ते एकदा सांगून टाक." मी उठून शेडमध्ये गेले आणि व्हॅनिलाच्या शेंगा निवडत बसले.

तुझ्या नवऱ्यानेही, सेमिसीने, आईकरवी निरोप पाठवला, 'ताईला सांग, हेइलाला छान आहे, पोपीचंही काही म्हणणं नाही.' काही म्हणणं नाही! हे ऐकून मी फोनच उचलला. मागल्या रविवारी मी तुलाच विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही ठरवाल ते चालेल." तुझा असा आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला आहे. मग मागे बाळ रडलं आणि तू म्हणालीस, "थांब, ती रडतेय." पोपी, तू तिला 'ती'च म्हणतेस. सोनी नाही, चिमणी नाही, काहीच नाही. सेमिसीला हे कळत नाही. तो आपला डायपर आणतो आणि खूश असतो.

आता सोमवारी काय झालं ते ऐक. आई बाळासाठी चटई विणतेय हे मला माहीत होतं. चर्चच्या सभागृहात बायका विणायला बसतात, तिथे मी तिला जेवण द्यायला गेले, तर ही काठावर लाल लोकरीने नाव घालत बसलेली. निम्मं नाव घालून झालेलं. शेजारणी कौतुक करताहेत. वर आई म्हणते, "पाद्रीबाबांना सांगून टाकलंय. या रविवारी चर्चमध्ये नाव जाहीर करतील." मला न विचारता! माझ्या हातातलं लूचं, अळूच्या पानांत शिजवलेल्या मटणाचं, भांडं मी खाली ठेवलं, चटई तिच्या मांडीवरून ओढली आणि सगळ्यांदेखत ती लोकर उसवायला लागले. आई म्हणाली, "सियाले, लाज नाही वाटत? म्हातारीचे डोळे गेले ते घालताना." मी म्हटलं, "मी आत्या आहे. हे नाव मिळणार नाही. कारण विचारू नकोस." आणि मी तोंड फिरवून निघून आले. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्यापुढे ताट ठेवायची आणि मांजराशी बोलायची, "बघ गं, काही जणींना स्वतःची लेकरं नाहीत म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक बघवत नाही."

हे मात्र मला लागलं. पण तेही मी गिळलं असतं.

तिला काय ठाऊक, पोपी? ती त्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनला ऑकलंडला होती, तुला दिवस गेल्याचंही तिला परतल्यावरच सांगायचं होतं. सेमिसीला कामावरून सुटी नव्हती, म्हणून तू एकटीच पुढे आलीस, पोटात पाचवा महिना घेऊन, व्हॅनिलाची फुलं हाताने कशी फळवतात ते शिकायला. सकाळी दोन तास शिकलीस, फार हसलीस, आणि संध्याकाळी आपण इस्पितळात होतो. सेमिसी विमानाने येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला मूल गेलं एवढंच कळलं. आमच्यात भाऊ-बहिणीने असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शेडमागच्या हेइलालाच्या झाडाखाली, तळहातात मावेल एवढ्या त्या जिवाला मीच माझ्या लग्नातल्या 'तापा'त, झाडाच्या सालीच्या कापडात, गुंडाळून मातीत ठेवलं. तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि म्हणालीस, "सियाले, तू आत्या आहेस ना? मग नाव दे." मी वर बघितलं. झाड लाल झालं होतं. जे दिसलं तेच मी दिलं. मग तू म्हणालीस, आईंना सांगू नकोस, त्यांचे डोळे नुकतेच बरे होताहेत, रडायला नको. मी शब्द दिला. त्यानंतर ते झाड तोडून शेड वाढव म्हणून आई माझ्या मागे लागायची, त्याच्या बुंध्याला डुक्कर बांधायची, आणि मी वेड्यासारखी भांडायची. गावात मला झाडवेडी म्हणतात, म्हणोत.

तर पोपी, हे पत्र लिहायचं कारण हे, की मी दिलेला शब्द काल मोडला. तुझ्या कानावर ते आधी माझ्याकडून जावं. आई पुन्हा लोकर घेऊन बसली होती. मी तिचा हात धरून तिला शेडमागे नेलं आणि सांगितलं, हे नाव दिलेलं आहे, आई. ती इथे आहे. मला वाटलं, ती मला मारेल. ती खाली बसली आणि मातीवरची पानं बाजूला करू लागली. मग म्हणाली, "एवढी वर्षं सुटीत येऊन त्या पोरीने मला जेवण वाढलं, हसली, आणि मी तिला विचारत राहिले, मूल कधी, मूल कधी." मग खूप रडली. डोळ्यांना काही झालं नाही. आज पहाटे उठून तिने लाल लोकरीने चटईवर नाव पुरं केलं आणि ती चटई झाडाखाली अंथरून आली. मग पाद्रीबाबांकडे गेली, मीही मागोमाग गेले. त्यांनी वही उघडली, म्हणाले, "हं, सेमिसीच्या मुलीचं नाव हेइलाला ना?" आई म्हणाली, "ते थोरलीचं. धाकटीचं अजून ठरायचंय, तिच्या आईला विचारते." मी माझा मान तुला दिला, पोपी. फूल ठेव, नको असेल तर ठेवू नकोस. पण हे पत्र वाचून झालं की तिला कुशीत घे आणि कशीही एक हाक मार.

तुझीच,
सियाले